येते गं, शैले

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे दत्तमंदिरात काकडा सुरू झाला आणि पहिल्याच पदाला मंडळ विस्कटलं.

बेबीताईंनी ओळ उचलली, शैलजाने ती धरली. नागपूरची कुंदा तीच ओळ घेऊन स्पीकरमधून आली तेव्हा या दोघी पुढच्या ओळीच्या मध्यावर पोचल्या होत्या. नाशिकची उषा तर कुंदाच्याही मागून आली. पंगतीत वाढणाऱ्यांची चुकामूक व्हावी आणि कुणाच्या पानात भाताआधी ताक पडावं, तसं सगळं झालं. तरी बेबीताईंनी हार्मोनियमचा भाता सोडला नाही. सुरू केलेलं पद मध्ये टाकायचं नाही, हा त्यांचा दंडक. आरती झाल्यावर मात्र त्या शैलजाकडे वळल्या.

“शैले, तुझ्या त्या लोखंडी पेटीला काय झालंय? माझी पेटी माझ्या लग्नातली. तिला अजून साधं पडसं झालेलं नाही.”

“बघते हो ताई.”

“बघते, बघते, हे भाद्रपदापासून ऐकतेय मी. तेव्हा जरासं मागेपुढे व्हायचं, ते चालून गेलं. आज देवाला तरी कळलं असेल का आपण काय म्हणतोय?”

“अहो, मी पहिलीच ओळ म्हणतेय अजून,” स्पीकरमधून कुंदा म्हणाली. ते कुठल्या वाक्याचं उत्तर होतं कोण जाणे. ते ऐकून बेबीताईंनाही हसू आवरेना.

“एक नलू तेवढी तालात,” त्या पदर सावरत म्हणाल्या. “सगळ्यांत लांब, आसामात बसून. आणि आवाज कसा स्वच्छ झालाय तिचा! पूर्वी अंतऱ्याला दावं तोडल्यासारखी धावायची. तिकडचं पाणी मानवलं बाई तिला.”

मग निरोपानिरोपी झाली. कुंदाचं आणि उषाचं “श्रीगुरुदेव दत्त” उशिरा उशिरा येऊन पोचलं. सर्वांत शेवटी, अगदी वेळेवर, रोजच्यासारखा नलिनीचा आवाज आला.

“येते गं, शैले.”

“ये गं, नले,” शैलजा म्हणाली आणि समई सारखी करायला वळली.

*

देवळाच्या मागे तेल-वातीची एक छोटी खोली होती. आता तिथे सर्व्हर होता. अंघोळ, तुळशीला पाणी, एक माळ जप आणि मग सर्व्हरच्या खोलीचं कुलूप, असा शैलजा पाटसकरचा सकाळचा क्रम ठरलेला. सत्तरी ओलांडली तरी त्यात खंड नव्हता. आत जाताना ती उंबऱ्याला हात लावायची, तसाच त्या काळ्या कपाटालाही. भक्तीपेक्षा ती जुनी सवय होती. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये पाळीवर बसताना ती ट्रंक बोर्डालाही असाच हात लावायची.

शैलजा आणि नलिनी यांची मैत्री त्या बोर्डावरच झाली. शैलजा कऱ्हाडच्या बोर्डावर आणि नलिनी साताऱ्याच्या. दोघींनी एकमेकींचं तोंड पाहिलेलं नव्हतं. समोर भोकाभोकांची भिंत, हातात दोऱ्या, डोक्याला चिमटून बसलेला हेडसेट, आणि कानात साताऱ्याहून येणारा एक खोडकर आवाज. लोकांची बोलणी जोडून द्यायची, स्वतः बोलायचं नाही. सुपरवायझर बाई केव्हा लाइनवर कान लावतील याचा नेम नसे. म्हणून या दोघींनी एक खूण काढली होती. हेडसेटच्या बोलायच्या बाजूवर नखाने दोनदा टिकटिक करायची. म्हणजे, आहेस का? पलीकडून एकदा टिक आली की, आहे. बस. एवढ्यावर अख्खी पाळी निघायची. जोडून दिलेल्या कुणाकुणाच्या लग्नाच्या, बारशाच्या, आजारपणाच्या बातम्यांच्या खालून यांची टिकटिक वाहत असायची.

पुढे नलिनी लग्न होऊन कऱ्हाडातच आली. एसटीडी आलं, भिंत गेली, दोऱ्या गेल्या. दोघी शेजारीशेजारी बसून निवृत्त झाल्या, एकाच भजनी मंडळात गेल्या. टिकटिक करायचं कारणच उरलं नाही.

मग एकेक जण पांगली. कुंदा लेकीकडे, उषा भावाकडे. नलिनीचा मुलगा पराग तेलकंपनीत, गुवाहाटीला. नवरा गेल्यावर तीही तिकडे गेली. पेठेतलं मंडळ दोघींवर आलं आणि बेबीताई म्हणाल्या, “आता देवासमोर आपण दोघींनी खोकायचं फक्त.”

अशा वेळी ‘सहगान’ आलं.

तारेतून आवाज जायला वेळ लागतो. बोलताना तो जाणवत नाही, कारण एकीचं झाल्यावरच दुसरी सुरू करते. गाताना मात्र पापणी लवायच्या आतला उशीरही खपत नाही. प्रत्येकीला वाटतं, दुसरी मागे पडतेय. प्रत्येकजण दुसरीसाठी थांबते, आणि पद संथ होत होत शेवटी आडवंच पडतं. ‘सहगान’ने यावर तोड काढली ती सर्व्हरच्या नेटवर्क कार्डातच. तारांमधून येणारी-जाणारी प्रत्येक गोष्ट ज्या दारातून जाते ते दार म्हणजे हे कार्ड. त्यावर एक शिकणारी चिप बसवली, पूर्वस्वर नावाची. मुरलेला तबलजी गाणाऱ्याच्या तोंडाकडे बघून सम कुठे येणार ते ओळखतो, तशी ती चिप प्रत्येकीचा आवाज शिकून पुढच्या क्षणी ती काय गाणार याचा अंदाज बांधते. तो अंदाज आधी ऐकवते. मागून खरा आवाज आला की अंदाज त्याच्याशी पडताळून दुरुस्त करते आणि टाकून देते. फरक कानाला कळत नाही. प्रत्येकीला स्वतःचा सोडून बाकी चौघींचा आवाज ऐकू येतो, आणि वाटतं की सगळ्या एकाच सतरंजीवर बसल्या आहेत.

अट एकच. असा सर्व्हर गावातच हवा. टेलिफोन खात्यातली म्हणून त्याची किल्ली शैलजाकडे आली. कॅमेरा मात्र बेबीताईंनी लावू दिला नाही. “ओल्या केसांनी आपापल्या देवासमोर बसायचं. एकमेकींकडे कशाला बघायचं?”

दोन वर्षं रोज पहाटे पाचही जणी भेटत होत्या. त्यामुळे नलिनीचा रविवारचा फोन हळूहळू बंद झाला, शैलजाचाही. रोज तर भेटतोच की. टायपिंगचा नलिनीला कंटाळाच होता. फोनवर दोघींमध्ये उरली ती फुलांची चित्रं, सणासुदीला.

*

काकड्याचा पहिला दिवस असा फसल्यावर शैलजाने पदर खोचला.

भाद्रपदापासून तिने जमेल ते केलंच होतं. केबल बदलली. स्विचच्या, म्हणजे सगळ्या तारा जोडणाऱ्या डब्याच्या, एका भोकातून काढून दुसऱ्यात लावली. कार्ड आणि स्विच एकमेकांशी ठरल्या वेगाने बोलताहेत ना ते पाहिलं, बोलत होते. कार्ड चालवणारं ड्रायव्हर सॉफ्टवेअर नवं घातलं. धूळ पुसली. आता तिने कार्डच काढून शेजारच्या स्लॉटमध्ये बसवलं, कारण कधी कधी स्लॉटच अरुंद पडतो. दुसऱ्या पहाटे कुंदा दीड ओळ मागे होती. कार्डाला बोट लावलं तर तव्यासारखं तापलेलं.

“दोन पेट्या झाल्या या देवळात,” बेबीताई म्हणाल्या. “एक मी वाजवते, एक तुला वाजवतेय.”

शेवटी तिने कंपनीला कळवलं. कोल्हापूरहून तन्वी सुतार आली. तिशीची, हसरी, खांद्याला भलीमोठी सॅक.

“काकू, चपला इथे काढू? का सर्व्हरपाशी चालतील?”

“सर्व्हरपाशी चालतील गं. पण वाटेत दत्त आहे.”

तन्वीने चपला काढल्या, हात जोडले आणि आत येऊन मांडी घातली. शैलजाने केलेली सगळी खटपट तिने नीट ऐकून घेतली. “तुम्ही माझं निम्मं काम करून ठेवलंय,” म्हणाली, आणि आदल्या पहाटेचं ध्वनिमुद्रण लावलं. कान देऊन दोनदा ऐकलं. चहा गार झाला.

“काकू, ही तालात गाणारी कोण?”

“आमची नलू. गुवाहाटीला असते.”

“आणि बाकीच्या?”

“कुंदा नागपूर, उषा नाशिक.”

तन्वीने डोकं खाजवलं. “मग हे उलटं आहे. सगळ्यांत लांबून येणारा आवाज सगळ्यांत आधी कसा पोचतो? नाशिकची बाई मागे पडतेय आणि आसामची एका केसाचाही उशीर करत नाही. असा आवाज एकाच ठिकाणाहून येऊ शकतो.”

“कुठून?”

तन्वीने सर्व्हरवर नुसतं बोट ठेवलं.

मग तिने कार्डाच्या पोटात डोकावायला सुरुवात केली. प्रत्येक गाणारीसाठी कार्डात एक जागा असते. पडताळायचे राहिलेले अंदाज तिथे थांबतात, खरा आवाज आला की निघून जातात. पहिल्या चार जागा जवळपास रिकाम्या होत्या. पाचवी काठोकाठ भरून बाकीच्यांच्या जागेत सांडली होती. बाकीच्यांच्या आवाजांना उभं राहायला कोपरा उरला नव्हता. ते दाराबाहेर ताटकळत होते. म्हणून उशीर, म्हणून ताप.

“पाचवी जागा नलूताईंची,” तन्वी म्हणाली. “कार्ड त्यांचे अंदाज बांधतंय आणि जपून ठेवतंय, पडताळायला. पण पडताळायला समोर काही येतच नाहीये.”

“म्हणजे लाइन खराब आहे तिची?”

“लाइन चालू आहे. घरचं यंत्र रोज पहाटे सुरू होतं, आरतीनंतर बंद होतं. त्यांना तुमचं सगळं ऐकू जातं. पण तिकडून आवाज नाही. समोर कुणी गात नसेल तर ते यंत्र काहीच पाठवत नाही, डेटा वाचावा म्हणून. कार्डाला वाटतं, आवाज निघालाय पण वाटेत हरवला. मग ते स्वतः भरून काढतं.” ती कपाटाकडे वाकली. “पण हे अर्ध्या सेकंदापुरतं असतं, काकू. पुढे त्याने गप्प बसायला हवं. इथे मर्यादा काढून टाकलेली दिसतेय.”

ज्येष्ठात नागपूरला वादळं झाली, कुंदाचा आवाज अर्ध्या पदातून गळायला लागला, तेव्हा शैलजानेच ती मर्यादा काढली होती. कुणाचाही नेम खंडित व्हायला नको, म्हणून. वर देवाला हात जोडले होते.

“केव्हापासून?” तिने विचारलं. “नलूचा आवाज केव्हापासून नाही?”

“आषाढी एकादशी केव्हा होती?”

एकादशीची ती पहाट शैलजाला आठवायला लागली, म्हणजे तिच्यानंतरच्या सगळ्याच पहाटा. स्वच्छ झालेला आवाज. अंतऱ्याला न धावणारा. श्रावण गेला, भाद्रपद गेला, नवरात्राची जागरणं गेली. आणि रोज शेवटी ते “येते गं, शैले”. हेसुद्धा शिकलं होतं ते कार्ड. ती रोज ज्याला “ये गं, नले” म्हणत होती ते तिच्यापासून भिंतीपलीकडे, तेलाच्या खोलीत होतं.

मग खरी नलू कुठे होती?

*

फोनची रिंग वाजत राहिली. शैलजा देवळाच्या ओट्यावर बसली होती आणि नको ते सगळं तिच्या मनात येऊन गेलं. पॅरालिसिस. स्मरण जाणं. आपल्याला कुणी कळवलंच नसेल तर? कुणी कशाला कळवेल? आपण तरी कुठे विचारलं?

तिसऱ्यांदा लावल्यावर फोन उचलला गेला. नलिनीची सून जुनाली होती. तिकडचीच मुलगी, लग्नानंतर मराठी शिकलेली.

“शैलजामावशी! नमस्कार.”

“जुनाली, नलू कशी आहे? बरी आहे ना?”

“बऱ्या आहेत. पोहे खाल्ले आता. पण बोलत नाहीत ना.”

“बोलत नाही म्हणजे?”

“मौन आहे. चातुर्मासाचं. तुम्हाला माहीत नाही?” जुनालीने आवाज खाली आणला. “माझ्यामुळे झालं, मावशी. आषाढात त्या मला काहीतरी बोलल्या, माझ्या माहेरावरून. मी रडले. नंतर मी विसरूनही गेले. पण त्यांनी मनाला लावलं. म्हणाल्या, या जिभेला चार महिने कोंडून ठेवते. बोलणं नाही, लिहिणं नाही.”

शैलजा ओट्याच्या कडेला सरकली.

“मी म्हटलं, मैत्रिणींना फोन करून सांगा आधी. तर म्हणाल्या, सांगायचं काय त्यात? एकादशीला मी गायले नाही की शैलीला पहिल्या ओळीत कळेल. ती माझा श्वास ओळखते.”

देवळातल्या घंटेला कुणीतरी हात लावला. तो नाद विरेपर्यंत शैलजा फोन कानाशी धरून बसली.

“गात नसल्या तरी रोज पहाटे बसतात,” जुनाली म्हणाली. “डोळे मिटून, हात जोडून. आधी उठताना फोनकडे बघायच्या. मावशी, मला वाटायचं तुमचा फोन येईल म्हणून बघतात. आता नाही बघत.”

“तिला दे. तिने बोलू नये. नुसता कानाला लाव फोन.”

पावलं ऐकू आली. दार. पुटपुटल्यासारखा जुनालीचा आवाज. मग पुन्हा पावलं, परतीची.

“मान हलवली त्यांनी,” जुनाली हळूच म्हणाली. “नको म्हणतात.”

*

बेबीताईंना हे सगळं समजावून सांगायला बराच वेळ लागला. समजल्यावर त्यांनी हार्मोनियमवर हात ठेवला.

“आणि मी मेली रोज म्हणत होते, आवाज सुधारलाय.”

तन्वीने दोन वाटा सांगितल्या. “कार्डाला जास्तीची मेमरी जोडते. माझ्याकडे आहे. उद्यापासून कुंदाताई, उषाताई वेळेवर येतील. पाचवी जागा आहे तशीच चालू राहील. नलूताईंचं मौन सुटेपर्यंत त्या गात राहतील, म्हणजे, कार्ड गात राहील. किंवा पाचवी जागा रिकामी करते आणि मर्यादा पुन्हा घालते. कार्ड त्यांचा आवाज विसरेल. पुन्हा त्या गायल्या तर पुन्हा शिकेल.”

“राहू दे की मग,” बेबीताई म्हणाल्या. “कार्तिकी एकादशी काही लांब नाही. काकड्यात पाच आवाज आहेत ते पाचच राहू देत. कुंदाला, उषाला आत्ता सांगितलं तर दोघी रडत बसतील. देवाचं काम नीट होतंय ना? मग झालं.”

शैलजा उठली. ती तेलाच्या खोलीत गेली. कार्डाचा पंखा घरघरत होता, पडताळायला न आलेलं एवढं सगळं उराशी धरून. तिला त्याचा राग येईना. त्या बिचाऱ्याला कुणी गप्प बसलंय आणि कुणी वाटेत हरवलंय यातला फरक शिकवलाच नव्हता. पण आपण? एक्स्चेंजमध्ये हजारो आवाज कानावरून जायचे आणि त्यातला साताऱ्याचा एक श्वास आपण ओळखायचो. तो कान कुठे ठेवून आलो आपण?

नलूने तीन महिने रोज पहाटे देवापुढे काय ठेवलं होतं? तिचं गप्प राहणं. तिच्यासारख्या बडबडीने ते किती सोसलं असेल. आणि ते देवापर्यंत जाण्याआधी या खोलीत झाकलं जात होतं, तिच्याच आवाजाने.

“रिकामी कर,” ती बाहेर येऊन तन्वीला म्हणाली.

“शैले, काकडा अडखळेल.”

“अडखळू दे, ताई. नलूने व्रत धरलंय. तिच्या नावाने दुसऱ्या कुणी गायचं म्हणजे तिचं व्रत आपणच मोडायचं.”

बेबीताईंनी तन्वीला हातानेच ‘कर’ म्हणून खुणावलं. व्रत मोडणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

*

दुसऱ्या पहाटे कार्ड हाताला गार लागलं. कुंदा आणि उषा इतक्या वेळेवर आल्या की कुंदा मध्येच म्हणाली, “अगंबाई, जमलं!” तन्वी रात्री देवळाच्या धर्मशाळेतच राहिली होती. ती मागे भिंतीला टेकून बसली.

पहिलं पद झालं. दुसऱ्याच्या अंतऱ्याला नलिनीने ओळ उचलायची, ही जुनी वाटणी होती. बेबीताईंनी सूर धरला आणि थांबल्या. पेटी एकटीच वाजत राहिली. जिथे आवाज असायचा तिथे काही नव्हतं.

“नलू?” उषा म्हणाली. “नलूताई, आहात ना?”

“आहे ती,” शैलजा म्हणाली. “ऐकतेय. तिचं मौन आहे, आषाढापासून. आम्हाला काल कळलं. ती तीन महिने गात नव्हती आणि आम्ही कुणी तिला विचारलं नाही. आपल्याला जे ऐकू येत होतं ते यंत्राचं होतं, आणि यंत्राला ती मोकळीक मी दिली होती.” ती मायक्रोफोनकडे वळली. “पण मी ओळखायला हवं होतं, नले.”

मग बेबीताईंनी नलिनीची ओळ स्वतः न उचलता नुसती पेटीवर वाजवली, शब्दांशिवाय, तिच्या वाटणीची पुरी ओळ. पद पुढे गेलं. पुढच्या प्रत्येक अंतऱ्याला तसंच.

आरती झाली. कुंदाचं “श्रीगुरुदेव दत्त” झालं, उषाचं झालं. दोघी गेल्या मात्र नाहीत. शेवटची जागा आली. “येते गं, शैले” ची. ती रिकामी राहिली, आणि शैलजाने आपलं “ये गं, नले” गिळलं.

पलीकडे ती बसली असेल, डोळे मिटून. का उठून गेली? यंत्र बंद केलं असेल का तिने? तिला बोलायला लावायचं नाही. लिहायला लावायचं नाही. मग विचारायचं कसं?

शैलजाने मायक्रोफोन जवळ ओढला आणि त्याच्या जाळीवर नखाने वाजवलं. टिक, टिक.

बेबीताईंनी वळून पाहिलं. तन्वीने मान वर केली. बाहेर कुठेतरी दुधाच्या गाडीचा भोंगा वाजला. स्पीकर गप्प होता. कार्डाकडे आता अंदाज बांधायला काही नव्हतं, आणि असतं तरी हे त्याला कुठून येणार होतं? ही खूण त्याच्या जन्माच्या कितीतरी आधीची.

शैलजा वाट बघत राहिली. साताऱ्याच्या लाइनवर बसायची तशी, पाठ ताठ ठेवून, कान पुढे करून.

मग स्पीकरमधून, थोडी उशिरा, थोडी वाकडी, आली.

टिक.

शैलजाने पदर तोंडाला लावला. “लागली लाइन,” ती कशीबशी म्हणाली.

त्यानंतर एकादशीपर्यंत रोज पहाटे आरतीनंतर तेवढंच व्हायचं. दोनदा इकडून, एकदा तिकडून. कुंदा, उषाही त्यासाठी थांबायच्या.

*

द्वादशीच्या पहाटे अंतऱ्याला बेबीताईंनी सूर धरला आणि स्पीकरमधून एक घोगरा, बसलेला, गंजल्या कडीसारखा आवाज आला. ओळीच्या सुरुवातीला तो मागे पडला, मध्यावर घाबरला आणि मग जो धावत सुटला तो सगळ्यांच्या पुढे जाऊन समेवर आदळला.

“अगं धावू नकोस, नले!” बेबीताई ओरडल्या. त्यांनी सुरू असलेल्या पदात बोलण्याची ती पहिलीच वेळ. भाता मात्र सोडला नव्हता, आणि डोळे पाण्याने भरले होते.

आरती झाली. कुंदा गेली, उषा गेली. बेबीताई प्रसाद वाटायला उठल्या. शैलजा मायक्रोफोनजवळ बसून राहिली. नेहमीचं येईल म्हणून वाट बघत होती. आलं नाही.

“नले?”

“काय?” घोगरा आवाज म्हणाला.

“येते म्हणायचं राहिलं तुझं.”

“म्हणणार नाहीये. इथेच बसलेय. जुनालीने चहासुद्धा आणून दिलाय.” पलीकडे कपबशी वाजली. “चार महिन्यांचं साचलंय माझ्या पोटात, शैले. आणि तुझ्यावर रागावलेय मी, ते वेगळंच. ते आधी घेऊ की शेवटी?”

“आधी घे,” शैलजा म्हणाली, आणि तिने पाट जवळ ओढला.